स्फटिकाचा तराजू आणि सहा नंबरचं सिरम

10 जून 2024

क्रिस्टल आले. दहा नग, प्रत्येक वेगळ्या डबीत, स्पंजमध्ये रुतवलेले. क्वार्ट्झची गोल चकती, व्यास एक इंच, जाडी एका मिलिमीटरचा तिसरा भाग आणि दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ मुलामा. कडेला चिमट्याने धरून उजेडाकडे नेली तर काठ काचेसारखा आरपार दिसतो. मॅडमनी बजावून सांगितलंय की एक क्रिस्टल फुटला की एक आठवड्याचं काम गेलं असं समजायचं.

प्रकल्प असा: रक्तातलं सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, या क्रिस्टलवर पकडून मोजायचं. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. अंगात कुठेही जंतुसंसर्ग किंवा सूज असली की यकृत हे प्रोटीन भराभर तयार करून रक्तात सोडतं. धडधाकट माणसात लिटरला काही मिलिग्रॅम, आणि मोठ्या संसर्गात शंभराच्याही पुढे. म्हणून ताप साधा आहे की गंभीर, हे ठरवताना डॉक्टर ते बघतात.

हा विषय मी आईमुळे घेतला. तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती बावीस वर्षं काम करतेय. काळ्या स्लाइडवर सिरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यासारख्या भागाचा, एक थेंब, शेजारी लेटेक्सचा (सीआरपीला धरणाऱ्या बारीक कणांचा) एक थेंब, काडीने ढवळायचं, दोन मिनिटं स्लाइड हलवायची आणि गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिच्या टेबलापाशी बसून हे बघायचे. ती टेस्ट फक्त "आहे" किंवा "नाही" सांगते. किती आहे ते सांगणारं मशिन तिच्या लॅबला परवडत नाही. मला आकडा सांगणारी आणि स्वस्तातली वस्तू बनवायची आहे.

14 जून

पहिल्यांदा क्रिस्टल चालू केला. तत्त्व जुनंच आहे. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज तयार होते हे ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलट बाजूने वीज दिली की क्वार्ट्झ हलतो. आमचा क्रिस्टल सेकंदाला 50 लाख वेळा आडवा थरथरतो. जिवंत माणसाला ऐकू न येणारा, पण आवाजच. सोन्यावर काहीही चिकटलं की थरथर किंचित मंदावते, आणि किती मंदावली यावरून वजन काढायचं. हा हिशेब सॉरब्रे यांनी 1959 मध्ये मांडला. आमच्या क्रिस्टलसाठी तो असा: वारंवारता 1 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एका थरथरीने, उतरली की एका चौरस सेंटिमीटरवर 17.7 नॅनोग्रॅम बसले. तांदळाचा दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा धरला, तर त्याच्या अकरा लाखाव्या भागाएवढं हे वजन. कितीतरी वेळ मी त्या आकड्याकडे बघत बसले.

सेलमध्ये, म्हणजे क्रिस्टल बसवलेल्या छोट्या कप्प्यात, पाणी सोडलं. वारंवारता 731 हर्ट्झने खाली आली. घाबरायचं कारण नव्हतं. पाण्यात थरथरताना क्रिस्टल लगतचा पाण्याचा थर सोबत ओढतो आणि तो थर जेमतेम 250 नॅनोमीटरचा असतो. कानाझावा आणि गॉर्डन यांच्या 1985 च्या सूत्राने 5 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 लाख वेळा थरथरणाऱ्या, क्रिस्टलला 715 च्या आसपास उत्तर येतं. जवळच आहे. विद्युत रोधही चढला, हवेत दहाएक ओहम होता तो चारशेच्या घरात गेला. मशिन दोन्ही आकडे फाइलमध्ये लिहितं. रोधाचा कॉलम मी पुढे न बघताच सोडून दिला. हे वाक्य मी नंतर येऊन घातलंय.

21 जून

आठवडा बेसलाइनमध्येच गेला. साधं बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी, वाहत असताना आलेख सरळ जायला हवा. आमचा करवतीच्या दातांसारखा वरखाली होतोय, दर बारा मिनिटांनी दहाएक हर्ट्झ. पंप बदलला, नळ्या बदलल्या, अर्थिंग तपासलं. शेवटी मामांनी सांगितलं. आमच्या लॅबचे मामा टेबल पुसता पुसता म्हणाले, "ताई, एसी चालू-बंद होतोय तसं तुमचं मशिन पण नाचतंय की."

तेच होतं. पाणी एक अंश तापलं की त्याचा चिकटपणा साधारण दोन टक्क्यांनी उतरतो. वारंवारता त्या चिकटपणाच्या वर्गमुळानुसार बदलते, म्हणजे एक टक्का, आणि 715 चा एक टक्का म्हणजे सात हर्ट्झ. सीआरपीकडून आम्हाला जेवढ्या सिग्नलची अपेक्षा आहे, तेवढाच एसी देत होता. आता सेल थर्माकोलच्या पेटीत ठेवलाय, बफरची बाटली वॉटर बाथमध्ये आणि एसी बंद. दोन अंकी दात गेले, गोंगाट 0.4 हर्ट्झवर आला. मामांना चहा पाजला आणि वहीत त्यांचं वाक्य तारखेसह लिहिलं.

2 जुलै

सोनं धुणं. तीन भाग सल्फ्युरिक आम्ल, एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड. मिसळताच आपोआप उकळल्यासारखं तापतं. फ्यूम हूड, जाड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. मग क्रिस्टल रात्रभर थायॉलच्या द्रावणात. त्या रेणूचं गंधकाचं टोक सोन्याला घट्ट धरतं आणि दुसरं टोक अँटिबॉडी, म्हणजे एखादं ठरावीक प्रोटीन (इथे सीआरपी) ओळखून पकडणारे रेणू, बांधायला मोकळं राहतं. एक क्रिस्टल उचलताना निसटला. नऊ उरले.

5 जुलै

अँटिबॉडी बसल्या. तासाभरात आलेख हळूहळू उतरत 27 हर्ट्झवर थांबला. हिशेब केला: 478 नॅनोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. मी खूश. मॅडमनी आकडा बघितला आणि विचारलं, "यात पाणी किती?" अँटिबॉडी वाळल्या अवस्थेत मोजल्या तर एवढ्या भरणार नाहीत. प्रोटीनच्या आत आणि आजूबाजूला अडकलेलं पाणीही क्रिस्टल तोलतो, कारण तेही त्याच्यासोबत थरथरतं. वजन खरंच असतं, पण ते कुणाचं हे त्याला सांगता येत नाही. ही गोष्ट मला आज फक्त हिशेबापुरती समजली.

12 जुलै

बफरमध्ये शुद्ध सीआरपी. बाहेर धो धो पाऊस, लॅबमध्ये दुपारीही दिवे लावलेले. लिटरला 1 मिलिग्रॅमला 1.2 हर्ट्झ, 5 ला 5.5, 10 ला 9 आणि 20 ला 13. वर वर गेल्यावर आलेख वाकतो, कारण अँटिबॉडीच्या जागा भरत येतात. दर वेळी आम्लधर्मी ग्लायसिनने धुऊन सीआरपी सोडवलं आणि तोच क्रिस्टल परत वापरला. पाचव्या धुण्याला सिग्नल घसरला, म्हणजे चार वेळाच वापरायचा.

मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बफरात सगळंच दिसतं गं. रक्तात बघ." मला थोडं लागलं.

19 जुलै

बुडबुडा. एक बुडबुडा, मोहरीएवढा, नळीच्या सांध्यातून आत शिरून सोन्याच्या मधोमध बसला. तेवढ्या जागेवरचं पाणी हटलं आणि वारंवारता एकदम 140 हर्ट्झने वर उडाली. सेलच्या खिडकीतून तो दिसत होता, चांदीसारखा. नळी टिचकीने हलवली, सेल तिरका केला, पंपाचा वेग वाढवला, तो हलेना. अर्ध्या तासाने सेल उघडला तेव्हा ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, क्रिस्टलला चिकटून वर आली आणि क्रिस्टल कडेला तडकला. आठ उरले. आता प्रत्येक बफर वापरण्याआधी व्हॅक्यूमखाली ठेवून त्यातली हवा काढते, आणि सेल दहा अंश तिरका बसवलाय, म्हणजे आत आलेला बुडबुडा वरच्या तोंडातून निघून जाईल.

26 जुलै

पंप दुरुस्तीला गेलाय म्हणून वाचन. ज्युनिअर विचारत होता की सिरम कशाला काढायचं, रक्ताचा थेंबच थेट टाकला तर? त्याला कागदावर काढून दाखवलं. आमची थरथर पाण्यात 250 नॅनोमीटरपर्यंतच पोचते. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. म्हणजे क्रिस्टलला पेशीचा फक्त तळवा कळणार, आणि लाखो तळवे सोन्यावर येऊन बसले की सीआरपीची कुजबुज कुठून ऐकू येणार?

वारंवारता वाढवली तर तराजू जास्त हळवा होतो, पण क्रिस्टल पातळ करत गेलं की तो हातात धरतानाच फुटतो. त्यावरचा मार्ग म्हणजे पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरी. 1965 मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी एकमेकांत गुंफलेल्या कंगव्यांसारखे इलेक्ट्रोड काढून क्वार्ट्झवर अशा लहरी उठवल्या. मोबाइलमध्ये सिग्नल गाळायला याच जातीच्या चिप असतात. पण पृष्ठभाग वरखाली करणारी रॅले लहर द्रवात टिकत नाही, तिची ऊर्जा पाण्यात निसटून जाते. म्हणून जैविक कामासाठी आडव्या थरथरीची लहर लागते, आणि ती पातळ थरात कोंडून ठेवली की तिला लव्ह लहर म्हणतात, ए. ई. एच. लव्ह या गणितज्ञाच्या नावावरून. त्यांनी 1911 मध्ये हे गणित भूकंपासाठी मांडलं होतं. जमीन हलण्याचं गणित रक्त तपासायला उपयोगी पडतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे ती चिप बनवायची सोय नाही. आहे त्याच क्रिस्टलवर काम करायचं.

6 ऑगस्ट

सिरम. विकत आणलेलं, सीआरपी काढून टाकलेलं, दहापट पातळ केलेलं. सिग्नल शून्य यायला हवा होता. 61 हर्ट्झ उतरला. बफरने धुतल्यावर 17 परत आले, 44 तिथेच राहिले.

जेवायला गेले नाही. वहीत हिशेब मांडला: सिरममध्ये लिटरला साधारण 70 ग्रॅम प्रोटीन. त्यात आम्ही शोधतोय 3 मिलिग्रॅम. एका सीआरपीमागे वजनाने तेवीस हजार पट इतर प्रोटीन, त्यात निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन. जत्रेत एका माणसाला शोधायचं तर दारावर ओळखपत्र बघणारा माणूस चोख हवा. आमच्या दारात कुणीही घुसत होतं. पातळ करूनही उपयोग नाही, कारण सीआरपी आणि गर्दी दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ होतात.

20 ऑगस्ट

पृष्ठभाग नव्याने केला. थायॉलमध्ये आता पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी असलेले रेणू मिसळलेत. ती शेपटी पाणी धरून ठेवते आणि इतर प्रोटीनना टेकू देत नाही. तीन प्रमाणं करून बघितली. पहिल्यात शेपट्या फार झाल्या आणि अँटिबॉडीच बसेनात, तिसऱ्यात कमी पडल्या, मधलं जमलं. धुतल्यानंतर उरणारा सिग्नल 44 वरून 6 वर आला.

शिवाय जोड-क्रिस्टल. एकावर सीआरपीची अँटिबॉडी, दुसऱ्यावर त्याच प्राण्यापासून मिळवलेली पण सीआरपीशी देणंघेणं नसलेली अँटिबॉडी. दोन्हीवर तेच सिरम सोडायचं आणि वजाबाकी करायची. आमच्याकडे मशिन एकच, त्यामुळे एकामागून एक चालवावं लागतं. दिवसाला दोन नमुने कसेबसे होतात. वेळ फार जातो.

11 सप्टेंबर

गौरी-गणपतीला घरी. गावात कुणीतरी विचारलं की ढोल-ताशाने तुझं आवाजाचं मशिन बिघडत नाही का. ढोल सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतो आणि आमचा क्रिस्टल 50 लाख वेळा, त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. दार आपटलं तर मात्र नळी हलते आणि आलेखावर काटा उठतो.

आईला विचारलं, तुझ्या लॅबमधलं उरलेलं सिरम देतेस का, नावं पुसून. तिने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि वळून म्हणाली, "नाही. नाव पुसलं तरी रक्त त्या माणसाचं आहे. त्याने ते माझ्याकडे तपासायला दिलंय." ती बरोबर होती. मॅडमनी एथिक्स कमिटीकडे अर्ज केव्हाच दिलाय, मंजुरीनंतर मोठ्या हॉस्पिटलमधून रीतसर नमुने येणार आहेत. मला घाई झाली होती.

24 सप्टेंबर

मंजुरी आली, नमुनेही आले. आठ कुप्या, वर 1 ते 8 एवढंच लिहिलेलं. हॉस्पिटलच्या मशिनने काढलेले आकडे बंद पाकिटात मॅडमकडे. आम्ही आधी मोजायचं, मग पाकीट उघडायचं. हातमोजे घालून पहिली कुपी उघडताना हात थरथरत होते. आजवर सगळं बाटलीतलं प्रोटीन होतं. हे कुणाच्या तरी दंडातून आलेलं.

27 सप्टेंबर

इथे मी जी चूक केली ती नीट लिहून ठेवते.

आठ नमुने चार दिवसांत संपवायचे होते. प्रत्येक नमुन्यानंतर बफरने वीस मिनिटं धुऊन आकडा घ्यायचा असतो, आणि जोड-क्रिस्टलवर तेच सगळं परत. मी दोन्हीला फाटा दिला. सिरम वाहत असतानाच आकडा घेतला आणि सगळ्यांतून 16 हर्ट्झ वजा केले, कारण सुरुवातीच्या तीन नमुन्यांत सिरमच्या चिकटपणामुळे तेवढीच घसरण दिसली होती. सगळ्यांचं सिरम सारखंच असणार असं मी धरून चालले.

सहा नंबरला 28 आले. वजा 16, राहिले 12. बारा हर्ट्झ म्हणजे पातळ नमुन्यात 18, दहापट केल्यावर लिटरला 180 मिलिग्रॅम. मी लिहिलं: "तीव्र संसर्ग". ज्युनिअरला हाक मारून दाखवलं.

पाकीट उघडलं. सहा नंबर: 4.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा माणूस तुझ्यासमोर बसलाय असं समज. तू त्याला काय सांगितलंस?" 180 वाचून डॉक्टरने त्याला भरती करून घेतलं असतं. सलाइन, अँटिबायोटिक, घरच्यांची धावपळ, आणि त्या माणसाला कदाचित साधी सर्दी. रात्री झोप लागली नाही.

28 सप्टेंबर

सकाळी सातला आईला फोन. सगळं ऐकून घेतलं आणि तिने एकच विचारलं, "सिरम दिसायला कसं होतं? दुधाळ होतं का?"

मी बघितलंच नव्हतं. लॅबमध्ये जाऊन फ्रीजमधून सहा नंबरची कुपी काढली आणि पाच नंबरच्या शेजारी धरली. पाच नंबर स्वच्छ, पिवळसर, पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता. सहा नंबर ताकासारखं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. चरबीने भरलेलं सिरम, लॅबवाले त्याला लायपेमिक म्हणतात. माणूस जेवून आला असेल किंवा त्याचे ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील. आई रोज प्रत्येक ट्यूब आधी उजेडाला धरते. दुधाळ का, गुलाबी का, गडद पिवळं का. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि मला वाटायचं, ती ट्यूब भरली की नाही ते बघते.

मग तो सोडून दिलेला रोधाचा कॉलम उघडला. क्रिस्टलवर घट्ट थर बसला तर वारंवारता उतरते, पण रोध जवळपास तिथेच राहतो. द्रव जाडसर असेल तर दोन्ही बदलतात. सहा नंबरला रोध इतर नमुन्यांपेक्षा ठळक चढला होता. मशिनने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की हे वजन नाही, हा चिकटपणा आहे. फाइलमध्ये तारीख आणि वेळेसह लिहिलं होतं.

15 ऑक्टोबर

सगळे आठ नमुने परत, या वेळी पूर्ण पद्धतीने. धुऊन मगच आकडा, जोड-क्रिस्टलची वजाबाकी, रोध सोबत. सहा नंबरला धुतल्यावर जेमतेम एक हर्ट्झ उरला आणि तेवढाच जोडीच्या क्रिस्टलवरही. उत्तर: मोजता येण्याइतकं नाही. बरोबर.

हॉस्पिटलच्या 96 ला आमचं 88, 141 ला 122, 64 ला 71. दोन क्रिस्टलच्या जोडीत एक-दोन हर्ट्झचा फरक राहतोच, त्यामुळे लिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली आमच्या आकड्याला अर्थ नाही. तिथे आम्ही फक्त "20 पेक्षा कमी" लिहितो. हृदयविकाराचा धोका सांगायला 1 आणि 3 मधला फरक कळावा लागतो. ते आमच्या आवाक्यात नाही आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलंय. गंभीर ताप ओळखायला मात्र उपयोग होईल असं मला वाटतं. आठ नमुन्यांवर याहून जास्त बोलणार नाही. तीन नंबरचं अजून कोडं आहे: हॉस्पिटल 38, आम्ही 61, आणि सिरम अगदी स्वच्छ.

पुढचा टप्पा मॅडमनी सुचवलाय. पकडलेल्या सीआरपीवर दुसरी अँटिबॉडी चढवायची, तिला सोन्याचे नॅनोकण जोडून. कण जड असल्याने सिग्नल वाढेल, आणि दोन अँटिबॉडींनी ओळख पटवल्याशिवाय वजन मोजलं जाणार नाही.

9 नोव्हेंबर

दिवाळीत आई लॅबवर आली होती. थर्माकोलची पेटी, नळ्या, स्क्रीनवरचा आलेख सगळं बघितलं. क्रिस्टल हातात दिला तर तिने सवयीने आधी उजेडाला धरला. मामांशी तिची बराच वेळ चर्चा रंगली.

नमुन्यांची नवीन वही आजपासून. कुपी क्रमांक, तारीख, क्रिस्टल, कितवा वापर, वारंवारता, रोध. पहिल्या कॉलमनंतर लगेच एक नवा कॉलम आखलाय: सिरम कसं दिसतं. नमुना 9 समोर लिहिलं: पिवळसर, किंचित गुलाबी झाक, पलीकडची अक्षरं वाचता येतात.